पोशाखपेटीचा भाव

"मंग मी काय मावसबहिणीच्या लग्नात शेअर अंगावर घालून मिरवू?"

जालन्याच्या पोस्टात, पार्सलच्या खिडकीसमोर उभं राहून शिवकन्यानं हे विचारलं आणि रांगेतली सात-आठ माणसं खो-खो हसली. ज्याला विचारलं तो मात्र हसला नाही. त्याचे फक्त कान लाल झाले.

झालं होतं असं. दोन हजार सातचा श्रावण. बाहेर भुरभुर पाऊस. शिवकन्यानं महिन्यापूर्वी सायबर कॅफेत बसून 'पोशाखपेटी डॉट कॉम'वरून एक मोरपंखी कुर्ता मागवला होता. तो आज व्हीपीनं आला. तिनं साडेपाचशे रुपये मोजले, खिडकीशीच पुडकं फाडलं, आणि आतून निघाला भिजल्या सिमेंटच्या रंगाचा एक ढगळ अंगरखा. एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपरापर्यंत.

"ही कंपनी बुडणार," ती खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली.

"बुडणार न्हाई, मॅडम," मागून आवाज आला. "गेल्या साली शेअर शंभरला होता. काल चारशे बारावर बंद झालाय."

त्यावर तिनं तो प्रश्न टाकला होता.

ती वळली. पंचविशीतला, सावळा, इस्त्रीच्या शर्टातला तरुण. केस भिजलेले. कपाळावर पावसाचा एक थेंब अडकून राहिलेला, आणि तो पुसायचं भान त्याला नव्हतं.

"एक कुर्ता खराब निघाला म्हणून कंपनी खराब होत न्हाई," तो जरा जोर करून म्हणाला. "एका दाण्यावरून पोतं ठरवतात का कुठं?"

शिवकन्या चमकली. कारण हे वाक्य तिचं होतं! एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती उगवण तपासायचं काम करायची, आणि नव्या पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवायची.

"तुम्ही बियाण्यात हैत का?"

"न्हाई. शेअरात. पण बाप शेतकरी हाय. अंतरवाली सराटीचे आम्ही." त्यानं जरा थांबून पुढं जोडलं, "मच्छिंद्र म्हणतात मला. दर शनिवारी आमची मंडळी बसतात, कापडाच्या दुकानावर, वरच्या मजल्याला. तुमचं म्हणणं तिथं येऊन सांगा. मी उत्तर देतो."

"उत्तर देता येईल ना?"

"या तर खरं..."

तिनं छत्री उघडली आणि निघाली. पण रिक्षात बसल्यावर तिला सारखं वाटत राहिलं, तो थेंब त्यानं पुसला असेल का...

*

शनिवारी शेअर बाजार बंद असतो. म्हणूनच मंडळी शनिवारी बसायची. जुन्या जालन्यातल्या त्या चिंचोळ्या गल्लीत, खाली ठोक कापडाच्या गठ्ठ्यांचा वास, आणि वर मच्छिंद्र ज्या दलाल कंपनीत काम करायचा तिचं ऑफिस. वीसेक खुर्च्या, एक बंद स्क्रीन, काचेच्या ग्लासांतला चहा. कुणी व्यापारी, कुणी निवृत्त, कुणी शिंपी. सगळ्यांनी आपापली शिल्लक थोडी थोडी शेअरात घातलेली. आणि त्यांतल्या बहुतेकांनी मच्छिंद्रच्या शब्दावर 'पोशाखपेटी' घेतलेली.

शिवकन्या शेवटच्या खुर्चीवर बसली. चर्चा रंगात आली होती.

"अहो, दिवाळीपर्यंत सहाशे जातोय!" अण्णासाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. धान्याचा मोठा व्यापार करून थकलेले, पांढऱ्या मिशांचे अण्णासाहेब मंडळीत सगळ्यांत जास्त शेअरचे धनी होते. "मी तर म्हणतो, सगळ्यांनी अजून घ्या. आत्ता घ्या."

"कंपनीनं अजून एक रुपया नफा दाखवला न्हाई, अण्णासाहेब," उषाबाई चष्मा सावरत म्हणाल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता पेन्शनीत. "भाव कशाचा वाढतो मग?"

"नफा मागून येतो, बाई. आधी गिऱ्हाईक येतं."

"गिऱ्हाईक आता है, मगर टिकता है क्या?" गळ्यात टेप अडकवूनच आलेले महेमूदभाई म्हणाले. त्यांचं शर्ट शिवायचं दुकान दोन गल्ल्या पलीकडं होतं. "कपड्याला हात लावल्याबिगर कोण घेतो, सांगा! मी तीस साल झाले शिवून राह्यलो. लोक आधी चिमटीत धरतात, मंग भाव विचारतात."

मग मच्छिंद्र बोलायला उठला, आणि शिवकन्या नकळत पुढं झुकली.

"महेमूदचाचा, तुमचं बराबर हाय. पण परतूरच्या पोरीचं सांगतो. भोकरदनच्या पोरीचं. तिनं टीव्हीवर एक कुर्ता बघितला, तर तो तिला मिळणार कुठं? पुण्याच्या पोरीनं घालायचा तो तिनं काहून घालू नाही? ही कंपनी तिच्या दारात तो नेऊन देते. मी भावावर न्हाई, त्या पोरीवर पैसा लावायला सांगितला."

शिवकन्याला वाटलं, ती पोरगी म्हणजे मीच की! त्या मोरपंखी रंगासाठी ती महिनाभर वाट पाहत होती. हा माणूस आकड्यांतून माणसापर्यंत पोहोचला होता. तिला ते आवडलं. आणि आवडलं म्हणूनच ती उठली.

"ती पोरगी मी," ती म्हणाली. पिशवीतून तिनं तो अंगरखा काढून दोन्ही बाह्या पसरून धरला. "आणि माझ्या दारात हे आलं."

खोलीत हशा पिकला. महेमूदभाईंनी तर पुढं येऊन शिवण चिमटीत धरली आणि "तौबा!" म्हणाले.

"एक कुर्ता," मच्छिंद्र म्हणाला. हसत नव्हता, पण डोळे हसत होते. "मॅडम, एकच."

"मान्य. एकावरून ठरवत न्हाईत. म्हणून चाळीस मागवू." ती मंडळीकडं वळली. "आमच्या कंपनीत दिवाळीचे कपडे सगळ्याच बाया घेणार हैत. चाळीस जणींच्या नावानं, त्यांच्या गावाकडच्या चाळीस पत्त्यांवर मागवू. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, मंठा... कंपनी एकवीस दिवसांचा वायदा करते, तर एकवीस दिवसांनी मोजू. कपाशीचं बी शंभरात पासष्ट उगवलं न्हाई तर आम्ही एक पाकीट बाहेर सोडत न्हाई. बघू तुमची पोशाखपेटी किती उगवते."

"पोरी, शेअर का बियाणं हाय?" अण्णासाहेब हसले.

"अण्णासाहेब, शेअर न्हाई. पण कंपनी तर पेरलेलीच हाय ना कुणीतरी?"

उषाबाईंनी टाळी वाजवली. ठरलं. मोजणी होईपर्यंत कुणी नवीन शेअर घ्यायचा नाही.

जिन्यावरून उतरताना तो मागून आला. "मॅडम, चाळीस ऑर्डरी सायबर कॅफेत भरत बसाल तर दिवाळी तिथंच होईल. आमच्या ऑफिसात नेट हाय. संध्याकाळी पाचनंतर रिकामंच असतं."

"हरायची तयारी मदत करून करता का तुम्ही?"

"जिंकायची करून राह्यलोय..." तो म्हणाला, आणि पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. डाव्या गालाला खळी पडली. एकाच गालाला.

*

चाळीस ऑर्डरी भरायला सहा संध्याकाळी लागल्या. खरं तर तीन पुरल्या असत्या.

तो टाइप करायचा, ती यादी वाचायची. "बेबीनंदा, अंबड. गुलाबी. मधला साइज." "पुढं." "हिला पिवळा पाहिजे, पण फार पिवळा न्हाई." "फार पिवळा म्हणजे?" "हळदीसारखा न्हाई. लिंबासारखा." तो माउस सोडून तिच्याकडं वळायचा. "आणि तुम्हाला कोणता आवडतो?" "मला मोरपंखी आवडायचा. आता राग आलाय त्याचा." "रागावर एवढ्या जल्दी जाऊ नका मॅडम... बिचाऱ्या रंगाची काय चूक?"

नेट मधेच बंद पडायचं. मग दोघं खिडकीशी उभं राहून गल्ली बघायचे. पावसानं चमकणारे पत्रे, ताडपत्री ओढणारे हमाल, हॉर्न वाजवत अडकलेल्या रिक्षा. त्यानं सांगितलं, अंतरवालीतून अंबडला सायकलवर कॉलेजला जायचो. बी.कॉम. झाल्यावर वडलांनी, पुंजारामांनी, गावच्या चौकात चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं होतं, माझा पोरगा मुंबईच्या बाजाराशी बोलतो. "अजूनही तेच सांगतात. मुंबईचा बाजार काय म्हणतो, विचारतात मला. जसा काही माझा मामाच हाय तो."

ती हसली. मग त्यानं अजून एक सांगितलं, जरा हळू आवाजात. औरंगाबादच्या वरच्या ऑफिसनं शब्द दिला होता. मंडळीनं दिवाळीपर्यंत पोशाखपेटीत अजून पैसा घातला, तर अंबडला नवी शाखा निघेल, आणि तिचा प्रमुख मच्छिंद्र.

"मंग तुम्ही हे चाळीसचं कशाला कबूल केलं?" तिनं विचारलं.

"कंपनी चांगली हाय म्हणून," तो म्हणाला. मग थांबला. "आणि... तुम्ही म्हणलात म्हणून."

तिनं यादीत डोकं घातलं. पुढचं नाव तिला बराच वेळ सापडेना.

एका रविवारी तो एमआयडीसीत आला, तिची ऑफिसात राहिलेली परतूरच्या तीन पत्त्यांची चिठ्ठी द्यायला. तिची मोजणी चालू होती. वरिष्ठांना विचारून तिनं त्याला आत घेतलं. पांढऱ्या कोटात ती त्याला वेगळीच दिसली असावी, कारण तो दारातच घुटमळला. बी घालून बारा दिवस झालेली ओल्या कागदाची गुंडाळी तिनं टेबलावर उलगडली. आत ओळीनं कपाशीचे दाणे, कुणाला पांढरं मूळ, कुणाला कोंब.

"हा उगवला. हा उगवला. हा मोजायचा न्हाई."

"का? कोंब तर छान आलाय."

"कोंब दिसतो म्हणून फसायचं नसतं. मूळ खुंटलंय बघा. शेतात गेला की मरतो हा."

तो वाकून बघत होता. मग हळूच म्हणाला, "आणि माणसाचं कसं ओळखता?"

"माणसाला बारा दिवस पुरत न्हाईत."

"मंग किती लागतात?"

चिमटा हातात तसाच धरून ती म्हणाली, "कोण विचारतंय... त्याच्यावर हाय."

तो गेल्यावर तिनं ती ओळ पहिल्यापासून पुन्हा मोजली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा आकडा चुकला होता.

*

एकविसावा दिवस उजाडला. शिवकन्यानं वही भरली, दोनदा तपासली, आणि त्याला मोती तलावाच्या बांधावर बोलावलं. दुपारची वेळ. पाऊस ओसरून ऊन पडलं होतं आणि तलाव काठोकाठ भरला होता.

तिनं वही त्याच्या हातात दिली. चाळीसपैकी सत्तावीस पार्सलं आली होती. तेरा आलीच नाहीत. आलेल्यांत रंग, माप, शिवण बरोबर असलेली पंधरा. उरलेली बारा परत पाठवली, तर कंपनीच्या फोनवर नुसती गाणी वाजत होती.

"चाळीसात पंधरा," ती म्हणाली. "शंभरात साडेसदतीस."

त्यानं पान उलटलं, पुन्हा मागं उलटलं. त्याच्या चेहऱ्याकडं बघवेना. इतक्या दिवसांत तिला जिंकायचं होतं, आणि आता जिंकल्यावर वाटत होतं, दोन-चार पार्सलं अजून आली असती तर...

"पाठवलेलं सगळं ते विक्रीत धरतात," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "परत येतं ते नंतर. म्हणून दर तीन महिन्यांनी विक्री वाढलेली दिसते. मी ते आकडे वाचले हो... पार्सल उघडून न्हाई बघितलं."

"शनिवारी मला हे सांगावं लागंल," ती म्हणाली. "तुमची शाखा मला ठाऊक हाय. पण मोजलेलं लपवता येत न्हाई मला."

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "तुम्ही सांगू नका."

म्हणजे हाही मूळ खुंटलेला कोंबच होता... ती उठली. वही घ्यायला हात पुढं केला.

त्यानं वही दिली नाही.

"तुम्ही सांगू नका," तो पुन्हा म्हणाला. "मी घ्यायला लावले होते. मीच सांगतो."

ती उभीच राहिली. वारा सुटला होता, ओढणी उडत होती, ती सावरायचं तिला सुचलं नाही.

*

शनिवारी खोली भरली होती. अण्णासाहेब पेढ्यांचा पुडा घेऊनच आले होते, कारण शुक्रवारी भाव चारशे सत्तरवर बंद झाला होता.

मच्छिंद्र उभा राहिला. शर्ट नेहमीसारखा इस्त्रीचा. हात मात्र खुर्चीच्या पाठीवर घट्ट.

"मंडळी, हा शेअर तुम्ही माझ्या शब्दावर घेतला. मी चुकलो."

अण्णासाहेबांचा पेढ्यांचा पुडा उघडता उघडता राहिला.

त्यानं वही वाचली. एकेक गाव, एकेक पार्सल. काही गाळलं नाही, काही सावरलं नाही. शेवटी म्हणाला, "माझं म्हणणं, सोमवारी विकून टाका. मॅडमनी एकावरून ठरवलं न्हाई, मी मात्र एकाही कपड्याला हात न लावता ठरवलं होतं."

"अरे, भाव चढून राह्यला आणि तू विका म्हणतो?" अण्णासाहेब ताडकन उठले. "या पोरीच्या नादी लागून डोकं फिरलं तुझं!"

मच्छिंद्रनं वही उघडीच टेबलावर ठेवली. शिवकन्याला वाटलं होतं आपल्याला शरम वाटेल. पण झालं उलटंच. त्या वीस माणसांत सगळ्यांत उंच तोच दिसत होता तिला, आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

महेमूदभाई आधी उठले. "बेटा, मेरे सब निकाल दे." मग उषाबाई. मग एकेक करून बाकीचे, कुणी अर्धे, कुणी सगळे. अण्णासाहेबांनी एकही विकला नाही. पेढ्यांचा पुडा काखोटीला मारून ते जिना उतरून गेले.

आणि मग भाव चढायला लागला. दसऱ्याला पाचशे. दिवाळीत पाचशे साठ.

गल्लीत लोक मच्छिंद्रला हटकायचे. "काय शेठ, कुर्ता बरोबर आला का?" ज्यांनी विकले त्यांतले दोघे त्याच्याशी बोलेनासे झाले. औरंगाबादहून फोन आला, अंबडची शाखा दुसऱ्याला दिली. अंतरवालीच्या टपरीवर कुणीतरी पुंजारामांना विचारलं, तुमच्या पोरानं बाजाराशी भांडण केलं म्हणे?

हे सगळं शिवकन्याला कळत होतं. तिनं ऑफिसात जाणं सोडलं. कुठल्या तोंडानं जायचं? चाळीस कमी पडले असतील का? आपण चारशे मागवायला हवे होते का? तिनं वही पुन्हा पुन्हा काढली. आकडा तोच यायचा.

भाऊबीज झाली, त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती कंपनीच्या फाटकातून बाहेर पडली, तर समोर तो. मोटारसायकल बंद करून उभा. हवेत गारवा होता. स्टीलच्या गिरण्यांकडून सळ्या लादलेले ट्रक धूळ उडवत चालले होते.

"चालत जायचं का?" त्यानं विचारलं. तो गाडी ढकलत निघाला, ती शेजारून.

"भाव पाचशे साठ झालाय," ती म्हणाली.

"पाचशे अडुसष्ट. रोज बघतो मी."

"माझ्यामुळं तुमची शाखा गेली. नाव गेलं. लोक..."

"तुमच्यामुळं?" तो थांबला. "मी जे बोललो ते खरं होतं. भाव काहीही होऊ द्या, चाळीसातले पंधरा का सोळा होणार हैत?"

तिनं मान हलवली आणि दोघं पुन्हा चालू लागले.

"काल अण्णासाहेब भेटले," तो पुढं म्हणाला. "चौकात, दहा माणसांत. म्हणले, पोरीच्या नादी लागला आणि वाटोळं करून घेतलं. मी म्हणलं, वाटोळं झालं का न्हाई ते ठाऊक न्हाई. पण नादी लागलो. बिलकुल लागलो."

शिवकन्याचे पाय जागीच थबकले. "तुम्ही... चारचौघांत असं म्हणलात?"

"म्हणलो. आता तुम्ही न्हाई म्हणलात, तर तेही चारचौघांत सांगावं लागंल. सवय झालीय मला."

ती हसली. हसता हसता डोळे भरून आले, म्हणून तिनं धुळीला दोष दिला आणि ओढणीनं डोळे पुसले.

"उद्या आपली मोजणीच चुकीची निघाली तर?"

"मंग दोघं मिळून चुकू," तो म्हणाला. "एकट्यानं चुकायचा कंटाळा आलाय..." आणि मग, अगदी हळू, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता, "शिवकन्या."

स्वतःचं नाव इतकं लांब आणि इतकं गोड आहे, हे तिला चोविसाव्या वर्षी कळलं. तिनं मोटारसायकलच्या हँडलवर, त्याच्या हाताशेजारी, आपला हात ठेवला. दोघांनी मिळून ती गाडी चांगली दोन किलोमीटर ढकलत नेली. किल्ली फिरवायची आठवण कुणालाच झाली नाही.

*

घरी तिनं त्याच रात्री जेवताना सांगून टाकलं. तिचे वडील रखमाजी, रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस. बोलणं कमी, नजर कडक. पुण्याच्या एका इंजिनिअरचं स्थळ त्यांनी जवळपास ठरवत आणलं होतं.

"मुलगा काय करतो?" त्यांनी घास खाली ठेवून विचारलं.

शेअर म्हटलं असतं तर त्यांनी सट्टा ऐकलं असतं. शाखा तर गेलीच होती. शिवकन्यानं क्षणभर विचार केला.

"बाबा, तो वीस माणसांत उभं राहून 'मी चुकलो' म्हणतो."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. रखमाजींनी ठेवलेला घास पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"तीस वर्षांत मिलमधे एकाही साहेबाच्या तोंडून हा शब्द ऐकला न्हाई मी," ते म्हणाले. "पाहावं लागंल मंग."

पण ते कधी पाहणार, कसं पाहणार, काही बोलले नाहीत. नोव्हेंबर गेला. पुण्याच्या स्थळाला त्यांनी होही कळवलं नाही आणि नाहीही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी फुटली. पोशाखपेटीनं विकला म्हणून दाखवलेला निम्म्याहून जास्त माल परत आलेला होता, आणि तो गोदामांत पडून होता. तीन दिवस शेअरला घेणारा कुणी मिळेना. आठवडाभरात पाचशे ऐंशीचा भाव नव्वदवर आला. वर्तमानपत्रात आता छापून आलं ते चाळीस बायांनी सप्टेंबरातच मोजून ठेवलं होतं. प्रयोगशाळेतल्या पोरींनी शिवकन्याला खांद्यावर उचलायचंच बाकी ठेवलं.

त्या शनिवारी रखमाजी सकाळीच धुतलेला शर्ट घालून कुठंतरी गेले. दुपारी परतले. चपला काढल्या, हातपाय धुतले, ओसरीत बसले. शिवकन्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला.

"जुन्या जालन्यात गेल्तो," ते म्हणाले. "तुझ्या त्या मंडळीत."

ती समोरच खाली बसली.

"सगळे पेढे वाटून राह्यले होते. एक शिंपी तर मलाच मिठी मारायला आला, मी कोण ते ठाऊक नसताना. एक बाई म्हणत होत्या, आमच्या पोरानं वाचवलं. तुझंही नाव घेत होते सगळे. ही पोरगी कोणाची, तिच्या बापाला भेटलं पाहिजे म्हणत होते. मी गप्प बसलो." ते घोटभर पाणी प्यायले. गप्प बसल्याचा अभिमान त्यांना लपवता येत नव्हता.

"आणि तो?"

"तो पेढे खात नव्हता. कोपऱ्यात एक म्हातारा बसलेला, पांढऱ्या मिशांचा."

"अण्णासाहेब. त्यांनी विकले नव्हते."

"असेल. तो म्हाताऱ्याजवळ बसला होता, त्याचा हात हातात धरून. काय उरलंय, काय वाचवता येईल, कागदावर मांडून दाखवत होता. मी तासभर बघितलं, पोरी. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणला न्हाई."

आई आतून आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"मंग त्यानं मला बघितलं," रखमाजी म्हणाले. "बसल्या जागेवरून विचारलं, काका, शेअर घ्यायला आलात का? मी म्हणलं, न्हाई रे बाबा. मी शिवकन्याचा बाप. पोरगी द्यायला आलोय."

"बाबा!" शिवकन्यानं तोंडावर हात धरला. "मंग... तो काय म्हणला?"

"काय म्हणतो? पाया पडायला उठायला लागला, तर म्हातारा हात सोडंना." रखमाजींच्या कडक चेहऱ्यावर हसू उमटलं, आणि त्यांनी तांब्या लेकीच्या हातात परत दिला. "मी म्हणलं, बस. आधी त्यांचं बघ. आम्ही थांबतो."